कुकीची कुळकथा

संगणकापुढें नव्यानेंच बसूं लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यांतच एका प्रश्नाला तोंड द्यावें लागतें. वर्तमानपत्राचें पान उघडावें, एखादें पुस्तक मागवावें, कीं पडद्याच्या तळाशीं पाटी येऊन उभी राहते: 'आम्ही कुकीज वापरतों. आपणांस मान्य आहे काय?' कुकी म्हणजे गोड बिस्किट एवढाच अर्थ ठाऊक असलेला गृहस्थ क्षणभर घोटाळतो आणि ती पाटी एकदांची दूर व्हावी म्हणून 'मान्य' या शब्दावर बोट ठेवतो. आपण काय मान्य केलें हें त्याला कळत नाहीं; आणि घरांतल्या तरुण मंडळींना विचारावें, तर त्यांनाहि तें धड सांगतां येत नाहीं. ही वस्तु जन्माला कां आली व पुढें कोणाच्या हातीं लागली हें पाहिलें म्हणजे तिच्याविषयींची निम्मी भीति आणि निम्मा भाबडेपणा एकदमच जातो.

इंटरनेटवरील पानांना एकमेकांशीं जोडणारें 'वर्ल्ड वाइड वेब' हें जाळें टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकानें जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या संस्थेंत उभारलें. योजनेचा पहिला मसुदा १९८९ सालचा. हेतु अगदीं साधा होता: शास्त्रज्ञांना एकमेकांचे निबंध व टिपणें बसल्या जागीं वाचतां यावीं. त्यासाठीं 'एचटीटीपी' नांवाचा जो शिरस्ता ठरला, त्यांत एका संगणकानें पान मागावें, दुसऱ्यानें तें द्यावें आणि व्यवहार तेथेंच संपावा. देणाऱ्याला मागणाऱ्याची ओळख राहत नसे. त्याच वाचकानें पुढच्याच क्षणीं दुसरें पान मागितलें, तरी देणाऱ्याच्या लेखीं तो नवखाच. निबंध वाचावयास हें पुरेसें होतें. किंबहुना हा विसराळूपणा सोयीचाच होता, कारण हजारों वाचकांची आठवण ठेवण्याचा भार पानें पुरविणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, पडत नसे. पण अशा ठिकाणीं दुकान थाटलें तर खरेदी कशी व्हावयाची? गिऱ्हाइकानें एक पुस्तक निवडून बाजूला ठेवावें, दुसरें पाहावयास वळावें, आणि दुकानदारानें विचारावें, 'आपण कोण?'

१९९४ च्या उन्हाळ्यांत हीच अडचण कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथें नुकत्याच निघालेल्या एका कंपनीपुढें आली. नेटस्केप या नांवानें ही कंपनी पुढें जगभर गाजली. एमसीआय ही त्या वेळची अमेरिकेंतील मोठी टेलिफोन कंपनी. तिला वेबवर विक्रीचा व्यवहार सुरू करावयाचा होता, परंतु अर्धवट राहिलेल्या खरेदीचा हिशेब आपल्या यंत्रांवर सांभाळून ठेवण्याची तिची तयारी नव्हती. तो हिशेब गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवतां येईल काय, असा प्रश्न निघाला. पंचविशीहि न गाठलेल्या लू मॉन्टुली या नेटस्केपमधील तरुणानें तो सोडविला. त्यानें व त्याचा सहकारी जॉन जिआनांद्रिया यानें कुकीचा पहिला आराखडा लिहिला. युनिक्सवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांत 'मॅजिक कुकी' हा शब्द पूर्वींपासून रूढ होता. एका प्रोग्रॅमनें दुसऱ्याला द्यावयाची आणि काम पडेल तेव्हां जशीच्या तशी परत करावयाची बारकीशी खुणेची चिठ्ठी, असा त्याचा अर्थ. मॉन्टुलीनें तोच शब्द उचलला.

बँकांच्या जुन्या रिवाजावरून ही युक्ति चटकन् ध्यानांत येते. पूर्वीं पैसे काढावयास गेलें म्हणजे कारकून चेक ठेवून घेई आणि हातांत एक पितळी बिल्ला देई. बिल्ल्यावर एक आंकडा. दुसरें कांहीं नाहीं. तो रस्त्यांत कोणाला सांपडला तरी त्यावरून खातेदाराचें नांव कळत नसे, शिलकेची तर गोष्टच नको. पण बँकेच्या आंतल्या बाजूस त्या आंकड्यावरून सारें उलगडत असे. कुकी बहुधा अशीच असते. संकेतस्थळ पहिल्या भेटींत पानाबरोबर थोडासा मजकूर पाठवितें: एक नांव, त्यापुढें कांहीं अक्षरें किंवा आंकडे, आणि हें केव्हांपर्यंत जपावें याची मुदत. ब्राउझर तो मजकूर ठेवून घेतो आणि त्याच स्थळाकडे पुन्हां जातांना मालकाला न विचारतां सादर करितो. मुदत लिहिलेली नसेल तर ब्राउझर बंद होतांच कुकी नाहींशी व्हावी. लिहिलेली असेल तर त्या दिवसापर्यंत राहावी. एका कुकीस ४ किलोबाइट, एका स्थळाच्या २० कुकी आणि सर्व मिळून ३००, एवढ्या तरी ब्राउझरनें सांभाळाव्या असा नेटस्केपचा मूळ हिशेब होता. ४ किलोबाइट म्हणजे इंग्रजी मजकुराचीं फार तर दोन पानें. कुकी हा प्रोग्रॅम नव्हे. ती आपण होऊन कांहीं करीत नाहीं, संगणकांतील पत्रें किंवा छायाचित्रें चाळीत नाहीं, आणि व्हायरसप्रमाणें पसरतहि नाहीं. पुष्कळ घरांत तिच्याविषयीं जें बोललें जातें, तें या बाबतींत निव्वळ चुकीचें आहे.

१३ ऑक्टोबर १९९४ रोजीं नेटस्केपच्या ब्राउझरची चाचणीची आवृत्ति लोकांच्या हातीं आली. तींत कुकीची सोय होती. तिचा पहिला उपयोग दुकानासाठीं नव्हे, तर नेटस्केपच्या स्वतःच्या स्थळावर आलेला वाचक पूर्वीं येऊन गेला आहे कीं नाहीं, एवढें पाहण्यासाठीं झाला. दुसऱ्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरनेंहि तिचा स्वीकार केला. वापरणाऱ्यांना मात्र याची वार्ता नव्हती. त्यांच्याच यंत्रावर त्यांच्याविषयींच्या खुणा ठेवल्या जात होत्या, आणि त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

येथें मॉन्टुलीच्या बाजूनें एक गोष्ट नोंदली पाहिजे. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक चिकटवून द्यावा, हा याहून सोपा उपाय त्याच्यापुढें होता. तो त्यानें मुद्दाम टाळला. तसा क्रमांक असता तर वेबवरील कोणत्याहि दोन स्थळांना आपल्या वह्या जुळवून एकाच माणसाच्या साऱ्या हालचालींचा माग काढतां आला असता. म्हणून जी कुकी ज्यानें दिली, ती त्यालाच परत जावयाची, असा निर्बंध त्यानें घातला. पुस्तकांच्या दुकानानें दिलेला बिल्ला औषधांच्या दुकानाला दिसणार नाहीं, ही खबरदारी कुकीच्या मूळ रचनेंतच होती.

ही खबरदारी मोडली कशी, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण कुलूप फोडून कोणी आंत शिरलें नाहीं. वेबवरचें पान दिसावयास एकसंध, पण त्याचे तुकडे ठिकठिकाणांहून येतात. मजकूर एका सर्व्हरवरून, तर कोपऱ्यांतलें चित्र भलत्याच सर्व्हरवरून. आतां एखाद्या जाहिरात कंपनीनें आपलें चित्र पुस्तकांच्या दुकानाच्या पानावर बसविलें, औषधांच्या दुकानाच्या पानावर बसविलें आणि वर्तमानपत्राच्या पानावरहि बसविलें, अशी कल्पना करावी. वाचक यांपैकीं कोणतेंहि पान उघडो, त्याचा ब्राउझर चित्र आणावयास जाहिरात कंपनीच्या दारीं जातो. तेथें तो कंपनीनेंच दिलेला बिल्ला दाखवितो आणि आपण कोणत्या पानावरून आलों हेंहि बहुधा सांगतो. नियम अक्षरशः पाळला गेला: कुकी देणाऱ्यालाच परत गेली. पण शहरांतील प्रत्येक दुकानांत एकाच मालकाचा गुमास्ता बसलेला असावा, आणि त्यानें प्रत्येक गिऱ्हाइकाचा तोच बिल्ला ओळखून वहींत टिपण करावें, तसा हा प्रकार झाला. ज्या स्थळाला वाचकानें आपण होऊन भेट दिली नाहीं, त्याच्या कुकीला पुढें 'थर्ड-पार्टी कुकी' असें नांव पडलें. मराठींत तिला 'तिऱ्हाइताची कुकी' म्हणावयास हरकत नाहीं. न्यूयॉर्कच्या डबलक्लिक या कंपनीनें १९९६ पासून याच पायावर मोठा धंदा उभारला.

सामान्य लोकांना या प्रकरणाची पहिली मोठी वार्ता लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'च्या १२ फेब्रुवारी १९९६ च्या लेखानें दिली. इंटरनेटचे तांत्रिक शिरस्ते ठरविणाऱ्या मंडळांत त्याआधींच विचार सुरू झाला होता. बेल लॅबोरेटरीजचा डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः मॉन्टुली यांनीं लिहिलेला कुकीचा पहिला अधिकृत मसुदा फेब्रुवारी १९९७ मध्यें प्रसिद्ध झाला. तिऱ्हाइताची कुकी ब्राउझरनें स्वीकारूं नये, निदान मालकानें मुद्दाम परवानगी दिल्यावांचून स्वीकारूं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. जाहिरातदारांनीं विरोध केला. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोघांनींहि तें कलम बाजूस सारलें. मॉन्टुलीनें पुढें, २०१३ सालीं, आपल्या निर्णयाचें कारण सांगितलें. ही वाट बंद केली असती तर जाहिरात कंपन्यांनीं दुसरी शोधली असती, आणि ती वापरणाऱ्याला दिसली नसती कीं पुसतां आली नसती. कुकी निदान दिसते आणि पुसतां येते, असें त्याचें म्हणणें. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. ब्राउझरच्या बारीकसारीक लक्षणांवरून माणूस ओळखण्याच्या युक्त्या पुढें खरोखरच निघाल्या. परंतु दार मुळांत उघडें ठेवून कडी मालकाच्या हातीं देणें आणि दार मुळांत बंद ठेवणें, यांत फार अंतर आहे. शेंकडा किती गृहस्थ ब्राउझरच्या सेटिंग्जच्या पानावर आपण होऊन जातात? पुढच्या पंचवीस वर्षांचा सारा झगडा या एका प्रश्नाभोंवतीं फिरला.

डबलक्लिकनें १९९९ मध्यें अ‍ॅबॅकस ही कंपनी विकत घेतली. टपालानें माल मागविणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचीं नांवें, पत्ते व खरेदी हिच्या दप्तरांत होती. बिल्ल्यावरच्या आंकड्याला आतां खरें नांव जोडलें जाणार, हें दिसतांच ओरड झाली, सरकारी चौकशी लागली, आणि मार्च २००० मध्यें तो बेत कंपनीनें मागें घेतला. २००७ सालीं गूगलनें ही कंपनी ३१० कोटी डॉलरांस घेण्याचें जाहीर केलें व पुढच्या वर्षीं तो व्यवहार पुरा झाला.

युरोपनें कायद्याचा मार्ग धरला. २००२ च्या निर्देशांत २००९ सालीं दुरुस्ती होऊन, अत्यावश्यक नसलेली कुकी ठेवण्यापूर्वीं संमति घ्यावी असें ठरलें. २०१८ पासून संमतीची कसोटी अधिक कडक झाली. आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजीं लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें, आधींच खूण केलेली चौकट म्हणजे संमति नव्हे, असा निकाल दिला. पडद्याच्या तळाशीं येणारी पाटी ती हीच. भारतांतहि डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला असून, संमति मोकळेपणीं व समजून दिलेली असावी, हें तत्त्व त्यानेंहि घेतलें आहे. हेतु उत्तम, पण 'मान्य'चें बटण ठळक आणि 'अमान्य'चें तीन पानें पलीकडे, अशी रचना पुष्कळ ठिकाणीं होऊन बसली, हें कोणालाहि दिसेल.

ब्राउझर करणाऱ्यांच्या वागण्यांतहि हळूहळू फरक पडला. अ‍ॅपलच्या सफारीनें मार्च २०२० मध्यें तिऱ्हाइतांच्या सर्व कुकी मुळांतच बंद केल्या; फायरफॉक्सनें माग काढणाऱ्या ठाऊक स्थळांच्या कुकी २०१९ मध्येंच अडविल्या. गूगलनें जानेवारी २०२० मध्यें क्रोमसाठीं दोन वर्षांची मुदत जाहीर केली, ती वारंवार पुढें ढकलली, आणि जुलै २०२४ मध्यें तो विचार सोडला. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीकडून यापेक्षां निराळें घडतें तर नवल!

तेव्हां क्रोम वापरणाऱ्यानें ही कडी स्वतःच घातली पाहिजे. सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी' या भागांत तिऱ्हाइतांच्या कुकी अडविण्याची सोय असते. ती एकदां चालू केली म्हणजे रोजच्या वापरांत बहुधा कांहीं अडत नाहीं. सांचलेल्या कुकी पुसणें हें निराळें काम. विंडोजच्या संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडून कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या कीं सफाईची चौकट येते. तींत पाहिलेल्या पानांची यादी, लवकर उघडावीं म्हणून सांठविलेलीं चित्रें वगैरे, आणि कुकी, अशा निरनिराळ्या ओळी असतात. शिवाय गेल्या एका तासाचें पुसावयाचें कीं आरंभापासूनचें, हेंहि निवडावें लागतें. कुकी पुसल्या म्हणजे बहुतेक स्थळें ओळख विसरतात आणि पुन्हां पासवर्ड मागतात. म्हणून ईमेलचा व बँकेचा पासवर्ड ठाऊक असल्याची खात्री आधीं करावी. ब्राउझरांत साठवून ठेवलेले पासवर्ड ही निराळी नोंद आहे. तिच्यापुढें चुकून खूण पडूं देऊं नये. बिल्ला फेकून दिल्यानें पलीकडची वही जळत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. जुनें टिपण तेथें राहतेंच. फक्त त्याचा पुढचा धागा तुटतो आणि नव्या भेटीस नवा आंकडा मिळतो. त्याच स्थळावर नांव व पासवर्ड देऊन पुन्हां प्रवेश केला, तर तो धागाहि परत जोडला जाऊं शकतो. दुसऱ्याच्या किंवा कचेरींतल्या संगणकावर बसावयाचें असेल तर 'प्रायव्हेट' किंवा 'इनकॉग्निटो' खिडकी उघडावी. ती बंद होतांच तींतल्या कुकी आपोआप जातात. आणि सफाईच्या दुसऱ्या दिवशीं प्रत्येक संकेतस्थळ तीच जुनी पाटी घेऊन पुन्हां उभें राहिलें तर गोंधळूं नये. वाचकानें पूर्वीं 'अमान्य' म्हटल्याची नोंदहि बहुधा एका कुकींतच ठेवलेली असते, आणि इतरांबरोबर तीहि पुसली गेलेली असते.