पायी चालणाऱ्यांचे नागपूर

आमच्या सानगडीत वाट विचारली की "हे काय, इथंच" असे उत्तर येते. विचारणारा पायीच जाणार, हे सांगणाऱ्याने धरलेलेच असते. शहरेही एके काळी याच हिशेबाने वसत. आम्हां भंडाऱ्याकडच्या लोकांच्या नित्य परिचयाचे शहर म्हणजे नागपूर. त्याचा जुना भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून हे नगर वसवले. पुढे चांद सुलतानाने त्याला तट घातला, तलाव बांधला. त्या तलावाला (आजचे गांधीसागर) कोणी जुम्मा म्हणे, कोणी शुक्रवारी. भाषा दोन, वार एकच! बुधवारी, मंगळवारी, इतवारी ही नावेही वारांचीच. बाजार ज्या वस्तीत ज्या वारी भरे, तोच वार तिला चिकटला.

इतवारीत जाऊन पाहा. किराणा ओळ, सराफा ओळ. एका मालाची दुकाने एका ओळीत. त्यामुळे चार पावलांत चार ठिकाणचे भाव कळतात, आणि दुकानदारालाही शेजाऱ्याचा भाव ठाऊक असल्याने फार ताणता येत नाही. गल्ली अरुंद, घरे भिंतीला भिंत लावून. मे महिन्यातल्या नागपुरात एका बाजूला तरी सावली मिळते, ही काही लहान गोष्ट नव्हे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. म्हणून दुकान मिटले तरी गल्ली ओस पडत नाही.

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा अंमल वाढला, १८६७ मध्ये रेल्वे आली. टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्स उभी राहिली. मोठाली आवारे, एकेकटे बंगले, बग्गीच्या बेताचे रस्ते. झाडी सुरेख खरी. पण मीठ संपले तर चाकरालाच पिटाळायचे!

आपल्या जिल्ह्याचे नाव घेतलेला जुना भंडारा रोड याच इतवारीतून जातो. त्याच्या रुंदीकरणाचा वाद कित्येक वर्षे गाजला. बंब आत शिरत नाही, ही तक्रार खोटी नाही. तेवढ्यापुरती वाट हवीच. परंतु सरसकट रुंदी मला पटत नाही. रस्ता वाढताना सर्वांत आधी जातो तो घरापुढचा ओटा. मग संध्याकाळी टेकायला जागा नाही, गाड्यांच्या वेगापुढे पलीकडे जाता येत नाही. अन् घरातली म्हातारी माणसे खिडकीशी बसून राहतात.