काळी वीण आणि तिची परीक्षा

उडता पक्षी विमानाच्या इंजिनात शिरला तर काय होईल, हे नुसतं कागदावर मांडून कळत नाही. म्हणून चाचणीत पक्ष्याचं कलेवर खरोखरच फिरत्या पंख्यावर वेगाने सोडतात. मे १९७० मध्ये डर्बीच्या रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या नव्या आरबी-२११ इंजिनाची अशी परीक्षा घेतली. पंख्याची पाती ‘हायफिल’ची, म्हणजे कार्बन फायबरची होती. पक्षी आदळला आणि पात्यांच्या चिंध्या झाल्या. कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं, आधीच हाताबाहेर गेलेला खर्च आणखी वाढला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. ब्रिटिश सरकारने कंपनी ताब्यात घेतली. दिवाळ्याचं खापर एकट्या पात्यांवर फोडता येणार नाही, पण या काळ्या धाग्याचा स्वभाव त्या चाचणीत जगाला दिसला. धाग्याच्या दिशेने ओढा, तो पोलादाला हार जात नाही. आडवा ठोसा द्या, हिशोब पार बदलतो.

आज मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात मडगार्डवर, सायलेन्सरच्या आवरणावर, टाकीच्या पॅडवर आणि हेल्मेटवर चमकणारी तिरकी काळी वीण याच घराण्यातली आहे.

घराणं तसं जुनं. एडिसनने १८७९ च्या सुमारास सुती दोरा आणि नंतर बांबूचा तंतू जाळून दिव्यासाठी कार्बनची तार केली, पण ती फक्त उजेडापुरती होती. ताकदीचा तंतू मिळाला तो १९५८ मध्ये, ओहायोतल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकनच्या हातून. त्यानंतर लगेच ओसाकाच्या अकिओ शिंदो यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन फायबर करण्याची वाट शोधली. १९६० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या शासकीय विमान संशोधन केंद्रात वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी धागा तापवताना ताणून धरला आणि त्याची ताकद कितीतरी वाढवली. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक तंतू, असे हजारो तंतू एका पेडात, पेडांचं कापड आणि कापडाला बांधून ठेवणारा इपॉक्सी राळेचा थर. वस्तूचा दर्जा या शेवटच्या पायरीवर ठरतो. राळ भिनवलेलं कापड गोठणबिंदूखाली साठवायचं, साच्यात थरांची दिशा नेमकी लावायची, हवा शोषून घ्यायची आणि दाबाच्या भट्टीत ठरल्या तापमानाला शिजवायचं. थरांत हवेचे बुडबुडे राहिले किंवा राळ कच्ची राहिली, तरी वरून वस्तू तितकीच देखणी दिसते.

रोल्स-रॉइसनंतर दहा वर्षांनी या धाग्याची अब्रू शर्यतीच्या मैदानावर परत आली. गाड्यांचा आराखडाकार जॉन बर्नार्डने मॅक्लारेन संघाच्या एमपी४/१ या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा अमेरिकेतल्या हर्क्युलीस कंपनीकडून कार्बनचा करून घेतला, तेव्हा जाणकारांना तो अपघातात पात्यांसारखाच फुटेल अशी धास्ती होती. सप्टेंबर १९८१ मध्ये इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत चालक जॉन वॉटसनची ही गाडी कठड्यावर आदळून दुभंगली. इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन मात्र कार्बनच्या सांगाड्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. धागा तोच, फरक होता तो कुठे, किती थर, कुठल्या दिशेने याच्या हिशोबाचा.

मोटरसायकलवर हे धाडस सर्वांत देखण्या रीतीने केलं न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या जॉन ब्रिटनने. मोठी कंपनी नाही, घरचीच कार्यशाळा, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून निघालेली व्ही-१००० ही गाडी चाकांपासून पुढच्या काट्यापर्यंत कार्बनची. अशा एकूण दहाच गाड्या झाल्या. ब्रिटन १९९५ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. पैसेवाल्या कारखान्यांनाही हा धागा सोपा गेला नाही. डुकाटीने २००९ च्या मोटोजीपी गाडीला कार्बनचा सांगाडा दिला, पण पुढच्या चाकाचा अंदाज लागत नाही ही स्वारांची तक्रार मिटेना. नामांकित स्वार रोसी संघात आल्यानंतर २०१२ पर्यंत कारखाना अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर आला. बीएमडब्ल्यूच्या २०१७ च्या एचपी४ रेसची कार्बन चौकट ७.८ किलोची होती. ती गाडी फक्त ७५० नग आणि तीही रस्त्यावर न चालवण्याच्या अटीवर विकली गेली.

मैदानावरचं हे रूप सामानाच्या बाजारात उतरलं आणि वीण वस्तूपासून सुटी झाली. कुठे प्लास्टिकवर विणीचं चित्र छापलेला कागद चिकटवतात, कुठे पाण्यावर तरंगवलेली फिल्म भागावर चढवतात, कुठे काचतंतूच्या थरांवर शोभेपुरता एकच थर खऱ्या कार्बनचा असतो. मडगार्डला हे चालून जातं, खोटं सांगून विकलं तर ती फसवणूक. घात होतो तो रिम, हँडल, फूटरेस्ट, ब्रेकचा लिव्हर अशा भार पेलणाऱ्या भागांत. अ‍ॅल्युमिनियम आधी वाकतं आणि सावध करतं. कार्बन जेमतेम दोन टक्के ताणतो आणि तुटतो. ठोसा बसला की आतले थर सुटतात, वर ओरखडाही दिसत नाही. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला तर भोकाभोवती तडे जातात. कार्बनला थेट टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम पावसाळी ओलाव्यात कुरतडलं जातं, हे कोकण-गोव्यात गाडी चालवणाऱ्याने खास ध्यानात ठेवावं.

जर्मनीत असा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर मंजुरीचा कागद लागतो. भारतात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय १ जून २०२१ पासून विकता येत नाही, मग कवच कार्बनचं असो की साध्या प्लास्टिकचं. वीण पाहून भुलण्याआधी हे चिन्ह शोधावं.

माठ घेताना आपल्याकडे टिचकी मारून आवाज ऐकतात. कार्बनच्या कामातले कारागीरही नाण्याने भाग ठोकून पाहतात: टणक आवाज आला तर थर एकसंध, बद्द आला तर आत पोकळी. पण टिचकी सगळंच सांगत नाही. पडलेल्या गाडीचा कार्बनचा रिम, वर काही दिसत नसलं तरी, जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा रस्त्यावर आणू नका.