टेंभा, मिजास आणि लाटसाहेब

मिरवणाऱ्या माणसाला आपण ज्या शब्दांनी टोचतो, त्यांतले कित्येक शब्द एके काळी खऱ्या मानाचे होते. टेंभा म्हणजे चिंध्या तेलात भिजवून पेटविलेली मशाल. बड्यांच्या स्वारीपुढे ती चाले. मिजास, दिमाख, शेखी हे अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. खानदेशला ती वाट परकी नव्हती. 1382 पासून 1601 पर्यंत थाळनेर आणि बऱ्हाणपूर येथे फारुकी सुलतानांचे राज्य होते आणि मागाहून मोगल आले. दरबार उठले, शब्द मात्र चावडीवर राहिले.

‘घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा.’ शिवकाळात किल्ल्याचा मुख्य अधिकारी तो हवालदार. कंपनी सरकारच्या फौजेत हाच किताब साहेबाच्या हुकमातल्या शिपायांच्या नायकाला मिळू लागला. पदाची किंमत उतरली, पण हौस काही उतरली नाही!

‘मोठा बाजीराव लागून गेलास’ यातला बाजीराव कोणता? माझ्या मते दुसराच. पहिल्याची चेष्टा करण्याची छाती कोणाची? 3 जून 1818 रोजी दुसरा बाजीराव असीरगडाजवळ, धुळकोट येथे माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला 8 लाखांचे पेन्शन घेऊन तो ब्रह्मावर्तास गेला आणि 1851 पर्यंत राज्यावाचून श्रीमंत म्हणवून जगला. लोकांना आणखी काय हवे होते? पुढे गव्हर्नरसाहेब आले आणि ‘लॉर्ड’चा ‘लाटसाहेब’ झाला.

येथवर हसू येते. पण माझा जन्म हमालांच्या संघटनेत गेला, म्हणून या शब्दांची दुसरी धारही मला ठाऊक आहे. 1969 साली माथाडी कायदा झाला. मंडळामार्फत हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि भरपगारी रजा मिळण्याची सोय झाली. रजेचा अर्ज घेऊन गेलेल्या हमालाला ‘आता हेही लाटसाहेब झाले’ असे ऐकविलेले मी स्वतः ऐकले आहे. इस्त्रीचा सदरा घातला की मिजास, खुर्चीवर टेकला की दिमाख! सुलतानासाठी घडलेले शब्द पाठीवर पोते वाहणाऱ्याच्या वाट्याला आले.

आणि ज्याच्या घरात दाणा भरपूर आहे, त्याच्या तोऱ्याला म्हण कोणती? ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणावे, तर तिथेही वासा पोकळ निघाला तरच हसण्याची मुभा. भरल्या कोठाराच्या मिजाशीवर बोट ठेवणारी म्हण मी धुळ्यापासून जळगावपर्यंत पुष्कळांना विचारली. अजून कोणी सांगितलेली नाही.