लिंगोची गाथा कागदावर आणणारे पाद्री : स्टीफन हिस्लॉप

नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालयामुळे स्टीफन हिस्लॉप हे नाव विदर्भात सर्वपरिचित आहे. तथापि, हे स्कॉटिश मिशनरी वैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता यांच्या खोऱ्यांशी किती निगडित होते, याची माहिती फारशी नसते. गोंडांच्या मौखिक परंपरेतील लिंगोची गाथा मूळ गोंडी भाषेत प्रथम लिहून घेण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. वर्धा खोऱ्यातील प्राचीन जीवांचे अवशेष लंडनच्या अभ्यासकांपुढे ठेवण्याचे कामही त्यांचेच. धर्मप्रसारासाठी आलेल्या या पाद्रींचे सर्वांत टिकाऊ कार्य धर्मांतराचे नसून नोंदीचे ठरले.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते १८४४ च्या अखेरीस भारतात आले आणि १८४५ च्या आरंभी नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. हिस्लॉप यांनी मराठीचा अभ्यास केला, शाळा काढली आणि बाजारांत व यात्रांत प्रवचने सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. पावसाळ्यात शाळा आणि हिवाळ्यात तंबू घेऊन खेड्यापाड्यांचा दौरा, असा त्यांचा क्रम असे.

ज्या प्रदेशात हे दौरे होत, त्याच्या दक्षिणेस चांदा हे प्राचीन गोंड राजधानीचे नगर होते. इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळील या तटबंदीच्या शहरातून गोंड राजांनी कित्येक शतके राज्य केले. १७५१ मध्ये हे राज्य भोसल्यांकडे गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला जिंकला आणि १८५३ मध्ये रघूजींच्या निधनानंतर संपूर्ण नागपूर राज्यच खालसा झाले. गोंडांची सत्ता गेली होती, परंतु त्यांचा इतिहास परधान गायकांच्या मुखी जिवंत होता. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. किंगरीच्या साथीने कुळांची उत्पत्ती आणि देवांच्या कथा गाणे, हे त्यांचे काम.

नागपूरजवळ राहणाऱ्या एका परधानाच्या तोंडून हिस्लॉप यांनी लिंगोची गाथा उतरवून घेतली. ती पाच भागांची आहे. सृष्टीची उत्पत्ती आणि गोंडांचा बंदिवास, लिंगोचे आगमन, जीवन व मृत्यू, त्याचे पुनरुज्जीवन आणि गोंडांची सुटका, कुळांची विभागणी व पूजाविधी आणि अखेरीस विवाहसंस्कार, असा तिचा क्रम आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो मुक्त करतो, हा तिचा गाभा. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला जमणारे हजारो भाविक याच कथेशी त्या गुहेचे नाते सांगतात. गाथेखेरीज हिस्लॉप यांनी गोंडी शब्दसंग्रह तयार केला आणि गोंडांच्या साडेबारा शाखांची यादी केली. आजच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील माडिया आणि कोलाम यांचाही त्यांनी त्यात समावेश केला होता.

हा काळ निर्मळ अभ्यासाचा नव्हता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदाराला बंडाबद्दल चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. १८५७ मध्ये नागपुरात होऊ घातलेल्या उठावाची पूर्वसूचना हिस्लॉप यांनी इंग्रज अधिकाऱ्यांना दिली होती, असे त्यांचे चरित्रकार जॉर्ज स्मिथ सांगतात. गोंडांचे गीत टिपून घेणारा अभ्यासक आणि परकीय सत्तेच्या बाजूचा माणूस हे दोघे एकच होते. त्यांच्या कार्याचे मोल करताना यांपैकी एकही बाजू वगळून चालत नाही.

दौऱ्यांत हिस्लॉप यांचे लक्ष पायाखालच्या दगडांकडेही असे. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा खोऱ्यातील मांगली येथे सापडलेली एका उभयचर प्राण्याची कवटी त्यांच्यामार्फत लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे नामकरण केले. प्राणहितेच्या खोऱ्यातील मलेरी या ठिकाणच्या एका प्राचीन माशाच्या जातीला १८५९ मध्ये हिस्लॉप यांचेच नाव मिळाले. सिरोंचाजवळील कोटा येथील मत्स्यजीवाश्म आधीच ज्ञात होते. त्यांचा आणि नागपूर परिसरातील थरांचा परस्परसंबंध जुळविण्याचा प्रयत्न हिस्लॉप यांनी केला. त्यांनी ठरविलेले कोळशाच्या थरांचे वय पुढे चुकीचे ठरले. ते थर कितीतरी अधिक प्राचीन निघाले. मात्र याच खडकांच्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात 'गोंडवन' हे नाव दिले. त्यावरूनच दक्षिणेकडील लुप्त महाखंड 'गोंडवनलँड' म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून हिस्लॉप परतत होते. सायंकाळी बोरीजवळ पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. त्यांची हस्तलिखिते अप्रकाशित होती. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध केली. त्यात लिंगोची गाथा रोमन लिपीतील मूळ गोंडी आणि इंग्रजी भाषांतर अशा दोन्ही रूपांत आहे. पुढे १८७१ मध्ये कॅप्टन फॉर्साइथ यांनी तिचे इंग्रजी पद्यरूपांतर केले आणि गाथा युरोपात पोहोचली. गाणाऱ्या परधानाचे नाव मात्र प्रसिद्धी पावले नाही.

धर्मप्रसाराचे काम इतरांनी पुढे नेले. चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन उभे राहिले. तेथे दीर्घकाळ काम केलेले अलेक्झांडर वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ नागपुरात १८८३ मध्ये महाविद्यालय सुरू झाले.

हिस्लॉप यांच्या नोंदींचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती, तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीचा समावेश नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेला स्वतःच्या निर्णयाने गोंडी माध्यमाची शाळा सुरू करावी लागली. लिहिल्या न गेलेल्या भाषेला शाळेत आणि कचेरीत स्थान मिळणे कठीण असते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो संग्रह म्हणूनच केवळ एका मिशनऱ्याचे स्मारक नाही. ज्या समाजाचे ते गीत आहे, त्याच्या हाती असलेला तो जुना लेखी पुरावा आहे.