ल्युपिन, पिवळे झुडपी
(ल्युपिनस आर्बोरियस, कुल : लेग्युमिनोजी, उपकुल : पॅपिलिऑनेटी). कॅलिफोर्नियाच्या किनारी वाळूत व कड्यांवर वाढणारे, शिंबावंत कुलातील सदापर्णी, दाट फांद्यांचे झुडूप. मूलस्थान मध्य व दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारा. शास्त्रीय वर्णन जॉन सिम्स यांनी १८०३ मध्ये केले.

उंची साधारणतः १ ते २ मी.; आयुष्य थोड्याच वर्षांचे. पाने संयुक्त, हस्ताकृती, दले ५–१२, लवदार. फुले सुगंधी, पतंगरूप, बहुधा पिवळी, क्वचित जांभळी, उभ्या मंजरीवर. केसरदले १०, एकसंघ. भुंगमाशी पंखदलांवर बसताच तिच्या भाराने नौकादल दबते व त्याच्या टोकातून पराग तिच्या पोटाला लागतो (→ परागण). शिंबा केसाळ, ती वाळली की दोन्ही शकले पीळ घेत तडकतात व कठीण सालीचे बी दूर उडते. वनस्पतीत विषारी अल्कलॉइडे असतात.

मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू नायट्रोजन स्थिर करतात (→ नायट्रोजन स्थिरीकरण). म्हणून हे झुडूप निकस वाळूतही वाढते; वाळू धरून ठेवण्यासाठी न्यूझीलंड व उत्तर कॅलिफोर्नियात याची लागवड झाली. उत्तर कॅलिफोर्नियातील हंबोल्ट उपसागराकाठी मात्र जमीन सकस झाल्याने परकी गवते माजली व वाळूच्या टेकड्यांवरील मूळ वनस्पती मागे हटल्या (→ आक्रमक वनस्पती).