नाक्यावरचा माणूस

आमच्या कनेरगावाला 'नाका' चिकटला तो सरहद्दीमुळं. १९४७ पर्यंत पलीकडच्या वऱ्हाडात इंग्रजी अंमल, अलीकडं निजामाचा. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा पैसा भरपूर यायचा. पिणाऱ्याला सोडवायचं खातं मात्र कुठंच नव्हतं.

ती वाट निघाली दूर अमेरिकेत. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा अमेरिकन दलाल ॲक्रन गावातल्या हॉटेलात उभा होता. दारू सुटून काही महिने झालेले आणि शेजारी बार. त्यानं चर्चची यादी बघून फोन लावले. त्याला डॉक्टर नको होता, आपल्यासारखाच एक बेवडा हवा होता! त्यातून भेटले डॉ. बॉब, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही बेवड्यांनीच बेवड्यांना सावरणारी संघटना उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं.

मी पीत होतो तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. बायकोनं एका कंडक्टरला विचारलं, त्यानं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीचा पत्ता दिला. दोन एसट्या बदलून गेलो. दारातून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आतल्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "या, चहा घ्या." नाव विचारलं नाही.

त्याला सहा वर्षं झाली. आता तिथला चहा मी करतो.