रक्त पातळ करणारी औषधे आणि आतड्याच्या कर्करोगाचा यकृतातील प्रसार

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात उतरल्या की बहुधा आधी यकृत गाठतात. आतड्याचे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी द्वारशिरेतून यकृतातच येते. वाटेत बहुतेक पेशी मरतात. उरलेल्यांना तारतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणारे रक्तातले सूक्ष्म कण: कर्करोगाच्या पेशींना चिकटून ते त्यांना प्रतिकारशक्तीपासून लपवतात. प्लेटलेट्स कमी केल्यास उंदरांत प्रसारही घटतो, हे 1968 मध्येच दिसले होते. ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट्समधील थ्रॉम्बॉक्सेन हे रसायन घटते आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरचा लगाम सुटतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी 2025 मध्ये दाखवले. तेही उंदरांतच.

रक्त पातळ करणारी सगळी औषधे मात्र एका माळेचे मणी नव्हेत. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना आवरतात. हेपारिन, वॉरफरिन रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना. आतड्याच्या शस्त्रक्रियेआधीपासून नंतरच्या 56 दिवसांपर्यंत टिंझापॅरिन हे हेपारिन देऊनही रोग परतण्याचे प्रमाण घटले नाही, असा कॅनडातील चाचणीचा 2022 चा निष्कर्ष आहे. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी, पण सरसकट नव्हे. स्वीडनमधून चाललेल्या अलास्का (ALASCCA) चाचणीत (2025) पीआयके3सीए जनुकात बदल असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज 160 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले. तीन वर्षांत रोग परतला 7.7 टक्के रुग्णांत. नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत 14.1 टक्के. जनुक न तपासता गोळी सुरू करण्याला या आकड्यांचा आधार मिळत नाही. यकृतात आधीच बसलेली गाठ तर या गोळीने जात नाही. शक्य असेल तेथे ती गाठ कापून काढतात.

आपल्या बीड जिल्ह्यात एकूण कर्करोग किती? 2012–16 च्या राष्ट्रीय नोंदीत उस्मानाबाद (आता धाराशिव) व बीड जिल्ह्यांत सर्व कर्करोगांचे वयानुरूप प्रमाण पुरुषांत लाखामागे 39.5 होते, देशातल्या नोंदणी क्षेत्रांत सर्वांत कमी, ऐझॉलमध्ये 269.4. आकडा दिलासादायक आहे, पण न तपासलेला रुग्ण नोंदीत येत नाही, हे विसरू नये.

हृदयातील स्टेंट किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या शौचातून रक्त गेले, की दोष गोळीला किंवा मूळव्याधीला दिला जातो. प्रत्यक्षात अशा रक्तस्रावामुळे लपलेली गाठ लवकर उघड होऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा जवळचे दुसरे रुग्णालय, आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा.